हालू नको

उचगावच्या आमच्या घरात दूध भरपूर होतं, फक्त आम्हाला प्यायला मिळत नव्हतं. दोन म्हशी आणि एक गाय. पहाटे आप्पा धारा काढायला बसायचे. चरवीत पडणारी धार आधी टणटण वाजायची आणि चरवी भरत आली की आवाज जड व्हायचा, त्या आवाजानंच मला जाग यायची. नीट उजाडायच्या आत आप्पा सायकलला किटल्या अडकवून बेळगावच्या वाटेला लागलेले असायचे. हॉटेलवाले, वकील, मास्तर यांच्याकडचे रतीब ठरलेले होते, त्यामुळे घरात उरायचं ते चहापुरतं. आम्हा दोघी बहिणींच्या वाट्याला नाचणीची आंबील यायची, आणि हंगामात चुलीच्या राखेत भाजलेली रताळी. त्याबद्दल माझी तक्रार अजिबात नाही. रताळं फोडलं की निघणारी वाफ नाकाशी धरून मी बसून राहायची, आक्का ओरडेपर्यंत. पण खास आपल्यासाठी म्हणून ओतलेलं दूध कसं लागतं, हे मात्र मला दुसरीत जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. ते कळण्यासाठी मांडीचं हाड मोडावं लागलं.

हाड मोडलं ते माझ्याच हट्टापायी. रताळ्यांच्या पोत्यांनी भरलेली बैलगाडी शेतातून घरी येत होती आणि मला सगळ्यात वरच्या पोत्यावर बसायचं होतं. आई मागून चालत होती. "सुमे, उतर खाली, पडशील," ती म्हणाली. "न्हाय पडत," मी म्हटलं. ओढ्याच्या उतारावर चाक दगडावर चढलं आणि मी खाली आले, माझ्यामागून एक पोतं आलं. आजही आमच्या घरात कुणी "न्हाय पडत" म्हटलं की आक्का माझ्याकडे बघते. गल्लीतली माणसं हाडं बसवणाऱ्याला बोलवायच्या गोष्टी करत होती, पण आईनं कुणाचं ऐकलं नाही. तिनं मला घोंगडीत गुंडाळलं, शेजारच्या टेम्पोत घातलं आणि थेट बेळगावच्या दवाखान्यात आणलं. वाटेत प्रत्येक खड्ड्याला मी किंचाळत होते आणि प्रत्येक किंचाळीला आई टेम्पोवाल्याला शिव्या घालत होती.

लहान मुलांचा वॉर्ड म्हणजे एक लांबलचक खोली होती, उंच खिडक्यांची, फिनेलच्या वासाची. माझ्या पायाला पट्ट्या बांधल्या, पट्ट्यांना दोरी, दोरी पलंगाच्या टोकाशी असलेल्या चाकावरून खाली सोडली आणि तिला वाळूची पिशवी लटकवली. मोठे डॉक्टर मला म्हणाले, "हालू नकोस हं. हाललीस तर पाय आखूड राहील." मला म्हणजे, माझ्या पायाला म्हणाले. ते नेहमी त्या त्या मुलाच्या दुखऱ्या भागाशी बोलायचे. पाय आखूड राहील या एका वाक्यानं मी जीव असा काही मुठीत धरला की मानसुद्धा वळवीना. मग घंटा झाली आणि आईला बाहेर जायला सांगितलं. आईबापांना भेटायला दुपारचा एक तास होता, बाकी वेळ दार बंद. आईचं पाऊल जिन्यावर ऐकू येईनासं झाल्यावर मी रडले, पण रडतानाही अंग हालू नये म्हणून दात आवळून, नुसते डोळे वाहू देऊन रडले. तसं रडणं त्यानंतर मला कधी जमलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी एक धिप्पाड माणूस येऊन उभा राहिला, हातात मोठी किटली, आणि ओरडायला लागला, "हालू! हालू!" आमच्या बोलीत हलणं म्हणजे हालणंच. मी विचार केला, मोठ्या डॉक्टरांनी आता हालायची परवानगी पाठवली असणार, आणि सगळ्या पोरांना एकदमच सांगायला हा माणूस ठेवला असणार. मी खुशाल कुशीवर वळायला गेले. वाळूची पिशवी झोके घेऊ लागली आणि माझी किंकाळी खालच्या मजल्यापर्यंत गेली. मोठ्या सिस्टर धावत आल्या. त्या कारवारकडच्या होत्या, त्यांना मराठी, कानडी, कोकणी तिन्ही यायच्या आणि तिन्ही भाषांत 'गप्प' हा शब्द त्यांना सगळ्यात प्रिय होता. त्यांनी मला तिन्ही भाषांत गप्प केलं. मग वॉर्डातली आया, तानूमावशी, पिशवी धरून स्थिर करत मला म्हणाली, "का गं हाललीस?"

"त्येनंच सांगितलं की. हालू म्हणून वरडालता."

तानूमावशी पदर तोंडाला लावून हसायला लागली. "अगं येडे, कानडीत हालू म्हंजे दूध! बसप्पा दूध घिऊन आलाय."

आई बाजारात भाजी विकायची, तिला बाजारापुरतं कानडी फर्डं यायचं, पण ते आम्हा पोरींपर्यंत पोचलं नव्हतं. तर असा मला माझा पहिला कानडी शब्द मिळाला आणि त्याच्याबरोबर पेलाभर दूध. गरम, वर साय धरू लागलेलं, थोडी साखर घातलेलं, आणि सगळंच्या सगळं माझं. मी ते चमच्यानं प्यायले, लवकर संपू नये म्हणून. खोटं कशाला बोलू, त्या पेल्यानंतर मला दवाखाना पहिल्यासारखा वाईट वाटेना.

चारपाच दिवसांनी शेजारच्या पलंगावर गंगव्वा आली. चार वर्षांची असेल. पूर्वेकडच्या, कुठल्याशा कानडी खेड्यातली. उकळती आंबील अंगावर सांडून तिचं पोट आणि एक मांडी भाजली होती. तिची आई बाळंतीण होती, ती येऊ शकत नव्हती. बाप तिला सोडून गेला तो पुढच्या रविवारी येतो म्हणून. गंगव्वा दिवसभर "यव्वा, यव्वा" करत राहायची, म्हणजे आईला हाक मारायची, आणि थकली की माझ्याकडे बघत पडायची. मी तिला माझ्या आईनं आणलेली काचेची गोटी दाखवायची. एवढीच आमची ओळख. तिला मराठी येत नव्हतं आणि माझं कानडी एका शब्दाचं.

रोज सकाळी तिची पट्टी बदलायचे. जुनी पट्टी सोडवताना ती धनुकलीसारखी वाकायची, म्हणून तानूमावशी तिला दोन्ही हातांनी धरून ठेवायची आणि गाणं म्हटल्यासारखं एकच म्हणत राहायची, "हालू नको गं माझे बाय, हालू नको. हालू नको." तानूमावशीचा जीव होता पोरांवर, तिचे डोळेही भरून यायचे. त्यानंतर थोड्या वेळानं बसप्पा यायचा, तिच्या स्टुलावर दुधाचा पेला ठेवायचा आणि गंगव्वा मान हलवून म्हणायची, "हालू नको."

मोठ्या सिस्टरांनी पहिल्या दिवशी तिला कानडीत विचारलंही, काय झालं, का नको. पण ती पांढऱ्या टोपीला घाबरून तोंड फिरवायची आणि तेच दोन शब्द बोलायची. नको म्हणजे नको, एवढं मराठी बेळगावात सगळ्यांनाच कळतं. सिस्टरांनी कागदावर लिहिलं असणार, की मूल दूध नाकारतं. भात दिला तर ती दोन घास खायची. रविवारी बाप आला, त्याला सांगितलं की पोरगी हट्टी आहे, दूध पीत नाही. बिचारा तिच्यावर ओरडला, मग तिच्या केसांवरून हात फिरवत बसला आणि बसची वेळ झाली म्हणून निघून गेला. गंगव्वाचे गाल आत गेले. जखम भरेना. एका सकाळी राउंडच्या आधीच येऊन मोठे डॉक्टर तिच्या पोटाला म्हणाले, "अंगात काही जात नाही, भरणार कशी? उद्यापासून नळी घाला."

नळी म्हणजे काय ते मला माहीत होतं. टोकाच्या पलंगावरच्या मुलाला नाकातून नळी घातली होती, ती घालताना त्याला चौघांनी धरलं होतं आणि मी कानांत बोटं घालून पडले होते. उद्या ते माझ्या शेजारी होणार होतं. आणि मला एक गोष्ट दिसत होती, जी दुसऱ्या कुणाला दिसत नव्हती, कारण दिवसभर तिच्याकडे बघत पडण्याशिवाय मला काही कामच नव्हतं. मी दूध प्यायला लागले की गंगव्वा माझ्या प्रत्येक चमच्याबरोबर आवंढा गिळायची.

त्या दिवशी पट्टीची गाडी आणि बसप्पाची किटली नेमकी एकाच वेळी आली. बसप्पानं पेला ठेवला. गंगव्वानं आजूबाजूला पाहिलं, हळूच एक बोट लांब केलं आणि सायीला टेकवलं. तेवढ्यात तानूमावशीनं तिला मागून धरलं आणि सुरुवात केली, "हालू नको गं बाय, हालू नको." गंगव्वानं चटका बसल्यासारखं बोट मागं घेतलं आणि कुणाला दिसू नये म्हणून घाईघाईनं झग्याला पुसलं. मग पट्टी निघू लागली, आणि ती रडत रडत ओरडू लागली, "हालू नको! हालू नको!"

मला आधी हसूच फुटलं. मला आठवली ती माझी पहिली सकाळ. आणि मग हसू जागच्या जागी थिजलं, कारण मला कळलं की ती काय ओरडते आहे. ती सांगत होती की मी दूध प्यायले नाही, खरंच प्यायले नाही, मग मला का दुखवता. तिला वाटत होतं की दूध पिऊ नको म्हणून रोज तिला दरडावलं जातंय, आणि त्या दुधापायीच रोज तिची कातडी सोलली जातेय.

"मावशी," मी म्हटलं, "तुम्हीच सांगितलासा न्हवं, हालू म्हंजे दूध? तुम्ही हालू नको म्हणतासा, तिला वाटतंय दूध पिऊ नको म्हणतासा."

"गप पड गं," तानूमावशी म्हणाली. तिचे हात गुंतलेले होते. "तीच म्हणतीया की नको म्हणून. लई शाणी झालीस."

मग राउंड आला. राउंडच्या वेळी पोरांनी तोंड उघडायचं नाही, हा वॉर्डचा पहिला नियम होता. मोठे डॉक्टर माझ्या पलंगाशी आले तशी मी म्हटलं, "डॉक्टर, तिला दूध पायजे. ती नको म्हणत न्हाय." मोठ्या डॉक्टरांनी सिस्टरांकडे बघून विचारलं, "हिचा पाय कसा आहे?" सिस्टर म्हणाल्या, "चांगला आहे, सर," आणि माझ्याकडे तिन्ही भाषांतलं 'गप्प' एकदम बघितलं. सगळा घोळका पुढे सरकला. फक्त शेवटी चालणाऱ्या एका तरुण डॉक्टरनं मान वळवून मागं पाहिलं. त्याला आम्ही छोटे डॉक्टर म्हणायचो, उंचीनं तो सगळ्यांत मोठा असला तरी.

दुपारी आई आली. बाजार आटोपून, रिकामी बुट्टी काखेत घेऊन, कोथिंबिरीच्या वासासकट. डब्यात भाकरी आणि बटाट्याची सुकी भाजी होती. मी डब्याला हात लावायच्या आधी तिला सगळं सांगायला लागले. ती हसली नाही आणि गप पड म्हणाली नाही. माझं अर्धंच सांगून झालं असेल, तोवर ती उठून गंगव्वाच्या पलंगाशी गेलीसुद्धा. मोठ्या सिस्टर पुढे आल्या. दुसऱ्यांच्या मुलाजवळ जायचं नाही, हाही नियम होता.

"सिस्टर, मी नुसती बोलते तिच्यासंगट," आई म्हणाली. "बोलायला बी बंदी हाय व्हय? उद्या पोरीच्या नाकात नळी घालणार तुम्ही. त्याच्या आदी कुणीतरी बोलाया नको?"

आईचा आवाज भाजी बाजारातला होता, तो पलीकडच्या इमारतीतही गेला असेल. छोटे डॉक्टर दारात येऊन उभे राहिले होते. ते म्हणाले, "बोलू द्या त्यांना, सिस्टर."

आई जमिनीवर उकिडवी बसली, गंगव्वाच्या तोंडाच्या पातळीला तोंड आणून, आणि तिनं तिच्या बाजारी कानडीत विचारलं, "हालू याक ब्याड, मगळ?" म्हणजे दूध का नको गं लेकी. गंगव्वानं आईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. कुंकू, बांगड्या, काष्टा, मातीनं भरलेल्या टाचा, सगळं तिच्या ओळखीचं असणार. मग ती हळू आवाजात म्हणाली, "कुडीबारदंत."

"पिऊ नये म्हणं," आईनं आम्हाला सांगितलं. आणि तिला विचारलं, "यार हेळ्यार?" कुणी सांगितलं?

गंगव्वानं बोट उचललं आणि तानूमावशीकडे दाखवलं.

"मी?" तानूमावशीच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. "मी कवा गं? मी कशाला सांगू? अगं मी तर नुसतं हालू नको..." आणि ती तिथंच थांबली. छोट्या डॉक्टरांनी कपाळावर हात मारून घेतला. मोठ्या सिस्टरांनी तिन्ही भाषांत देवाचं नाव घेतलं. तानूमावशी मटकन खाली बसली आणि रडायला लागली, "माझ्या जिभेला काय झालंतं गं बाई, लेकराला उपाशी ठिवलं मी." आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "तुमी मायेनंच म्हणालतासा की," ती म्हणाली. "आमी बी त्येच म्हणतो. रडू नगा आता, दूध आणा."

बसप्पा स्वयंपाकघरातून चहाचं दूध घेऊन धावत आला. पेला गंगव्वासमोर धरला. तिनं तो घेतला नाही. माझ्या आईकडे पाहिलं नाही, की डॉक्टरांकडे पाहिलं नाही. ती तानूमावशीकडे बघत होती. आणि तिनं विचारलं, "कुडीलेन?"

पिऊ का, असं विचारत होती ती. इतके दिवस तेवढंच विचारायचं होतं तिला. तानूमावशीनं डोळे पुसले, तिच्या मोडक्यातोडक्या कानडीत "कुडी, माझे आई, कुडी" म्हटलं आणि स्वतःच्या हातानं पेला तिच्या ओठांना लावला. गंगव्वानं मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही. पेला संपल्यावर तिनं तो उलटा करून आत बघितलं आणि बसप्पापुढे धरला. मला अतिशय आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला, तो अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी नळी घातली नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे राउंडच्या आधी छोटे डॉक्टर एकटेच वॉर्डात आले, मधोमध एक स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "पोरांनो, आता मला सांगा, हालू नकोच्या जागी काय म्हणायचं? दोन्हीकडच्या पोरांना कळलं पाहिजे." असा प्रश्न आम्हाला कुणी विचारेल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मग टोकाच्या पलंगावरचा, नळीवाला मुलगा 'दगड' म्हणाला, आणि मग एकच गिल्ला झाला. शेवटी 'सुम्म' ठरलं. सुम्म म्हणजे गप, निवांत; सुम्म बस, सुम्म पड, हे आमच्या भागात मराठी घरांतही म्हणतात आणि कानडी घरांतही. सगळ्यांना पसंत पडलं, एक मी सोडून. कारण माझं नाव सुमन. त्या दिवसापासून वॉर्डात कुणाचीही पट्टी बदलायला लागले की तानूमावशी "सुम्म, सुम्म" करायची आणि मी दचकून "काय?" म्हणायची. पोरं हसून हसून बेजार व्हायची, ज्याची पट्टी चाललेली असायची ते पोरही हसायचं.

छोट्या डॉक्टरांना त्या विचारण्याची गोडी लागली. पुढच्या आठवड्यात ते परत स्टूल घेऊन बसले. या वेळी दुपारी, म्हणजे भेटायला आलेल्या आयाही होत्या. एका मुलानं सांगितलं, दुखणार नाही असं खोटं सांगू नका, दुखणार असलं तर आधी सांगा, म्हणजे आम्ही तयार राहू. कुणी म्हणालं, उप्पीटात मिरच्या कमी घाला. मला जे सांगायचं होतं ते मला मोठ्यानं सांगता येईना. मी आईच्या कानात सांगितलं आणि आईनं ते बाजारात ओरडल्यासारखं सगळ्या वॉर्डाला सांगितलं: "माझी पोरगी म्हणतीया, भांड्यावर बसवताना आडोसा पायजे. पोरं बघत्यात." मी पांघरुणात तोंड घातलं. पण पलीकडच्या दोन मोठ्या मुलींनी लगेच "व्हय, व्हय" केलं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, पडद्यांना कापड मागवायचं तर महिने जातील. तेव्हा पोरांच्या आयांनीच आपसांत बोलून जुन्या साड्या आणल्या. काठापदराच्या, इरकली, विटक्या, एक तर हळदीकुंकवाच्या डागाची. त्या दोऱ्यांवर टांगल्या आणि वॉर्ड लग्नघरासारखा दिसायला लागला. मोठे डॉक्टर आले, दारातच थबकले, साड्यांकडे पाहिलं आणि राउंड सुरू केला. त्यानंतर प्रत्येक साडीच्या बाहेर उभं राहून ते आधी खाकरायचे. सकाळी पट्टीच्या वेळी एकेका आईला आत घेण्याची मोकळीकही त्याच दिवसांत मिळाली, मोठ्या सिस्टरांनी ती दिली, आधी नाक मुरडून आणि नंतर स्वतःच दारात उभं राहून आयांना हाका मारून. त्या माणूस म्हणून वाईट मुळीच नव्हत्या. एवढ्या मुलांत त्यांना कधी बसायला मिळायचं नाही, आणि उभ्याउभ्या ऐकू येतं तेवढंच त्यांना ऐकू यायचं.

आता मी बेळगावातच, अनगोळात लेकाकडे असते. मी शाळेत शिकवायची तेव्हाची माझी एक विद्यार्थिनी मुलांची डॉक्टर झाली आहे, तिच्या दवाखान्यात महिन्यातून एकदा मुलं, आईबाप आणि डॉक्टर-नर्स असे सगळे गोल करून बसतात आणि इथं काय बदलायचं ते ठरवतात. ती मलाही बोलावते. नात मला स्कूटरवरून सोडते आणि घ्यायला उशिरा येते, कारण तिला माहीत आहे की माझा तिथून पाय निघत नाही. परवा निपाणीच्या एका मुलीनं सगळ्यांसमोर सांगितलं, "मला बेड नंबरनं हाक मारू नका, माझं नाव घ्या, आणि माझ्या आईला सांगायच्या आधी मला सांगा." तिची आई संकोचून तिला कोपरानं ढोसत होती. मी म्हटलं, "बोलू दे तिला." बोलून झाल्यावर मला वाटलं, हे वाक्य मी आधी कुठंतरी ऐकलंय. मला तिथं फार बरं वाटतं. मुलं चार्जर मागतात, खिचडीत मीठ मागतात, रात्री दिवा मंद ठेवा म्हणतात, आणि मोठी माणसं ते ऐकून घेतात. गंगव्वाचं ते 'हालू नको' मला कळलं, त्यापेक्षा मोठं काही मी आयुष्यात केलं असेल असं मला वाटत नाही, आणि हेही मी केलं म्हणजे काय, पडून राहिले होते.

पडून राहण्याचंच शेवटचं सांगायचं राहिलं. दीडेक महिन्यानं माझी दोरी सोडली, पिशवी काढली. हाड जुळलं होतं, पाय जराही आखूड राहिला नव्हता. छोट्या डॉक्टरांनी मला धरून उभं केलं, समोर चार हातांवर आई हात पसरून उभी राहिली आणि सगळे म्हणायला लागले, चल. आणि मी चालेना. पाय उचलेचना. इतके दिवस प्रत्येक माणसानं येता-जाता मला हालू नको म्हटलं होतं, आणि हाललीस तर पाय आखूड राहील हे माझ्या हाडात बसलं होतं. डॉक्टरांनी समजावलं, आप्पांनी कुंद्याच्या मिठाईचं आमिष दाखवलं, सिस्टरांनी दम दिला. आईचा चेहरा उतरत चालला होता. तिला वाटायला लागलं होतं की पोरगी कायमची अशीच राहणार, आणि ते बघून मी आणखीच ताठ झाले.

गंगव्वा तेव्हा पलंगावर उठून बसायला लागली होती. गालांवर परत मांस आलं होतं, पोटावर नवी गुलाबी कातडी. बसप्पा त्याच वेळी दारात आला असेल, किंवा आला नसेलही, मी पाठमोरी होते. ती आपला रिकामा पेला पलंगाच्या लोखंडी दांडीवर आपटत माझ्याकडे बघून ओरडायला लागली, "हालू! हालू! हालू!"

ती दूध मागत होती, की मला चाल म्हणत होती, हे मला आजतागायत माहीत नाही. तोवर तिला दोन्ही अर्थ कळायला लागले होते. वॉर्डातली सगळी पोरं तिच्यामागून ओरडायला लागली, मराठी आणि कानडी, आपापल्या अर्थानं. मला हसू आलं, हसताना मी ताठ राहायचं विसरले, आणि आईच्या हातांपर्यंत चालत गेले.